मरळीच्या पाण्यावर ग्राफाइटची ऐट

‘काका, हा फायबरचा आहे ना? मग राहू द्या.’

मोर्शीजवळ सिंभोऱ्याला, अप्पर वर्ध्याच्या पाण्यावर, एका रविवारी सकाळी मला हे ऐकावं लागलं. मुलगा अमरावतीचा, बहुधा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा. मोटारसायकलवरून येताना त्याच्या रॉडचं टोक बाभळीच्या फांदीत अडकलं आणि वीतभर तुटलं. साडेचार हजारांचा रॉड पाण्याला लागायच्या आधीच निकामी झाला होता. मी माझ्याकडचा जादा रॉड पुढे केला. त्याने तो मनगटावर तोलला, दांड्यावरची अक्षरं वाचली आणि अदबीने परत दिला. मग दहा वाजेपर्यंत मोडक्या रॉडशेजारी बसून त्याने मला ग्राफाइटचे गुण समजावून सांगितले.

पोरावर माझा राग नाही. पण त्याच्या तोंडी जे ऐकलं ते आता अकोल्याच्या दुकानात, वडाळीच्या काठावर, परतवाड्याच्या चहाच्या टपरीवर, सगळीकडे ऐकू येतं. ग्राफाइट म्हणजे शिकलेल्या माणसाचा रॉड आणि फायबरग्लास म्हणजे अडाण्याचा, असा एक वर्णभेदच आमच्या गळवाल्यांत सुरू झाला आहे. तो मोडून काढावा म्हणून हा लेख.

खंडन करायचं तर पूर्वपक्ष आधी नीट मांडावा, ही आपली जुनी रीत. ग्राफाइटवाल्यांचं म्हणणं असं आहे. ग्राफाइटचा रॉड हलका, दिवसभर फेकला तरी मनगट दुखत नाही. तो ताठ, त्यामुळे मासा टोचला की टोचला. तो संवेदनशील, तळातल्या खड्याला शिसं घासलं तरी तळहाताला कळतं. फेक लांब जाते. आणि अमेरिकेत बास नावाचा मासा पकडणारे मोठमोठे खेळाडू हाच रॉड वापरतात. फायबरग्लास जड, लिबलिबीत, आजोबांच्या काळातला. यातलं एकही वाक्य खोटं नाही. मला हरकत आहे ती या सहा खऱ्या वाक्यांतून जो निष्कर्ष काढला जातो त्याला.

आधी पदार्थ ओळखून घेऊ. ‘ग्राफाइट’ हे नाव तसं उसनंच. शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटशी रॉडचं नातं दूरचं. रॉडमध्ये असतात ते कार्बनचे तंतू. केसाहून बारीक तंतूंची राळेत भिजवलेली चादर निमुळत्या पोलादी सळीभोवती गुंडाळायची, भट्टीत भाजायची आणि सळी काढून घ्यायची, की पोकळ दांडा तयार. फायबरग्लासमध्ये कार्बनच्या जागी काचेचे तंतू. म्हणजे ‘फायबर’ दोन्हीकडे आहे. दुकानात मात्र फायबर म्हटलं की काच समजायची. काचेचे रॉड दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत निघाले. कार्बनचे तंतू १९६०च्या दशकात विमानांच्या कामासाठी पक्के झाले आणि १९७३मध्ये फेनविक या अमेरिकी कंपनीने ग्राफाइटचा रॉड बाजारात आणला. दोघांच्या वयात फरक आहे तो जेमतेम एका पिढीचा. आजोबा आणि नातू म्हणायला जागा नाही, फार तर थोरला आणि धाकटा.

आता अंगकाठी. काचेच्या तंतूची घनता पाण्याच्या अडीचपट, कार्बनची पावणेदोनपट. ताठपणा मोजण्याचं जे माप आहे त्यात काच ७०च्या आसपास, तर नेहमीचा कार्बन २३०. म्हणजे कार्बन हलका आणि वर तिपटीने ताठ. इथपर्यंत ग्राफाइटवाल्यांनी टाळ्या वाजवाव्यात. पण तुटण्यापूर्वी किती ताणला जातो हे पाहिलं तर काचेचा तंतू चार-साडेचार टक्के ताण सोसतो आणि कार्बनचा दीड-दोन टक्क्यांवर कटकन जातो. रॉडवर छापलेले ते ‘२४ टन’, ‘३० टन’, ‘४० टन’ आकडे हे ताठपणाचे आकडे आहेत. किती ओझं पेलेल याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. उलट टन वाढत गेले की तंतू अधिक ताठ होतो, अधिक ठिसूळ होतो, आणि दांड्याची भिंतही पातळ केली जाते. ‘काका, हा ४० टनाचा आहे’ असं मला एकाने छाती फुगवून सांगितलं होतं. त्याला वाटत होतं ट्रक उचलेल. प्रत्यक्षात तो रॉड स्टँडवरून दगडावर पडला आणि त्यावर उठलेल्या नखाएवढ्या चऱ्यातून पुढच्या आठवड्यात दोन तुकडे झाले.

मग बास पकडणारे हाच रॉड का घेतात? कारण त्यांचं पाणी, त्यांचा मासा, त्यांची रीत वेगळी. बास हा तळाशी बुडालेल्या झाडाजवळ, खडकाजवळ दबा धरतो. त्याला रबरी गांडूळ तळावरून सरपटवत दाखवतात. मासा ते गांडूळ तोंडात घेतो आणि चव आवडली नाही की क्षणात थुंकतो. त्या क्षणाची सूक्ष्म टकटक हाताला कळली तरच मासा मिळतो. तिथे ग्राफाइटची संवेदना सोन्याच्या मोलाची. पण आपल्या अप्पर वर्धा, काटेपूर्णा, वान, शहानूर, चंद्रभागा, सापन यांपैकी कोणत्या धरणात बास आहे? एकातही नाही. आपल्याकडे आहेत कतला, रोहू, मृगळ, शिंगाळा, तिलापिया आणि ज्यांच्यावर आमचा सगळा जीव त्या मरळी. कतल्यासाठी आपण कणकेचा गोळा लावतो, शिसं टाकतो, रॉड दोन दगडांच्या बेचक्यात टेकवतो आणि चहा पितो. रॉड दगडाच्या हातात आहे. संवेदना कोणाला कळणार, दगडाला? कतला ओढतो तेव्हा टोक वाकतं, घुंगरू वाजतं. ते फायबरग्लासवरही वाजतं, आणि वेताच्या छडीवरही वाजलं असतं.

मरळीचं तर सगळं पाण्यावरच चालतं. ती हवेतला श्वास घ्यायला वर येते, बेशरमाच्या झुडपांखाली, जलपर्णीच्या फटीत, शिंगाड्याच्या वेलीत पडून राहते आणि रबरी बेडूक डोक्यावरून गेला की पाणी फुटतं. ते डोळ्याला दिसतं, कानाला ऐकू येतं. जे दहा हातांवरून दिसतं-ऐकू येतं, ते तळहाताला कळावं म्हणून पाच हजार रुपये मोजायचे, हा हिशेब मला जमत नाही.

इथे ग्राफाइटवाले त्यांचं ब्रह्मास्त्र काढतात. म्हणतात, मरळीचं तोंड हाडाचं. तिथे गळ रुतवायचा तर ताठ रॉडच हवा, लिबलिबीत रॉडने झटका पोचतच नाही. हा मुद्दा खरोखर वजनदार आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो.

मरळ बेडकावर येते ते त्याला पोटात घालायलाच येते असं नाही. कित्येकदा ती त्याला नुसती ठोसरते. कित्येकदा निम्मा बेडूक तोंडात आणि निम्मा बाहेर असतो. बेडकाचे दोन गळ त्याच्या पाठीला चिकटलेले असतात, ते उघडे पडायला बेडूक जबड्यात चेपावा लागतो. म्हणून पाणी फुटल्याबरोबर ओढलं की बेडूक उडून थेट तुमच्या चष्म्यावर. नव्या माणसाच्या दहातल्या सात मरळी अशाच जातात, आणि बहुतेकांच्या हातात तो ताठ, चपळ, विजेसारखा रॉडच असतो. रॉड जितका चपळ तितकी घाई पोचायला वेळ कमी. फायबरग्लासचा रॉड आधी स्वतः वाकतो, मग ओढतो. त्या अर्ध्या क्षणाच्या सुस्तीत मरळ जबडा मिटते. आम्ही मनात ‘एक, दोन’ मोजायला शिकलो ते वर्षानुवर्षांच्या फजितीने; रॉडच्या अंगात ती गणती आयती असते.

राहिला झटक्याचा प्रश्न. तो जुन्या तंगुसाच्या काळातला आहे. नायलॉनचा तंगूस रबरासारखा ताणला जातो. वीस मीटरवरचा झटका निम्मा त्या ताणातच विरतो. तेव्हा ताठ रॉडची गरज खरी होती. आज मरळवाल्या सगळ्यांच्या रीलवर विणलेला धागा असतो, ज्याला पोरं ‘ब्रेड’ म्हणतात. तो जवळजवळ ताणलाच जात नाही. धागा न ताणणारा आणि रॉडही न वाकणारा, अशी जोडी झाली की मधे झटका सोसायला कुणीच उरत नाही. मग मासा काठाशी आल्यावर शेवटची उसळी मारतो तेव्हा एक तर गळ सरळ होतो, नाही तर ओठ फाटतो, नाही तर टोक जातं. तिघांपैकी कोण जाणार एवढाच प्रश्न. कतल्याच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. त्याचे ओठ मऊ आणि अंगात बैलाची ताकद.

एक गोष्ट मी बिनशर्त मान्य करतो. दाट जलपर्णीतून दोन किलोची मरळ उपटून काढायची असेल तर जाड दांड्याचा ताठ ग्राफाइट रॉड उत्तम. तिथे मासा खेळवायला जागाच नसते, एकदाच ओढून पानांवर आणावा लागतो. एवढंच बळ फायबरग्लासमध्ये हवं असेल तर रॉड जाड आणि जड होतो. घरच्या किराणा काट्यावर मी माझे दोन सात फुटी रॉड तोलले, पन्नास-साठ ग्रॅमचा फरक निघाला. दिवसभर बेडूक फेकणाऱ्याला संध्याकाळी तो फरक खांद्यात जाणवतो. खोल पाण्यात तळाशी शिंगाळा शोधणाऱ्यालाही ग्राफाइटची संवेदना कामाची. हे दोन अपवाद. अपवादाला नियम करून सगळ्या वऱ्हाडाला विकायला निघालात, तिथे भांडण आहे.

आणि त्या अमेरिकी खेळाडूंची साक्ष काढता, तर पूर्ण काढा. रिक क्लन हे नाव बासच्या दुनियेत आपल्याकडच्या गावसकरसारखं. बासमास्टर क्लासिक ही त्यांची सर्वांत मोठी स्पर्धा त्याने १९७६, १९७७, १९८४ आणि १९९० अशी चार वेळा जिंकली. २०१९मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, त्याने पुन्हा एक मोठी स्पर्धा मारली. हा माणूस लाकडी-प्लॅस्टिकचा मासोळीसारखा ल्युअर ओढताना, ज्याला ते क्रँकबेट म्हणतात, फायबरग्लासच्या रॉडचा पुरस्कर्ता म्हणून ओळखला जातो. कारण तेच, जे आपल्या मरळीचं: रॉडने उशिरा ओढलं की मासा ल्युअर पुरता तोंडात घेतो आणि बारीक गळ ओठातून फाटून निघत नाहीत. म्हणजे ज्यांच्या नावाने फायबरग्लासला हिणवता त्यांच्याच घरात तो मानाने उभा आहे. अर्धी साक्ष वाचून दावा लावणाऱ्या वकिलासारखी ही गत.

आता लांब फेकीबद्दल. रॉडच्या बुंध्याशी बारीक अक्षरांत वजन छापलेलं असतं: ५ ते २० ग्रॅम, १० ते ३० ग्रॅम. तेवढ्याच वजनाचा ल्युअर त्या रॉडने फेकायचा असतो. आमचे लोक त्याच रॉडला मुठीएवढा कणकेचा गोळा, त्यात खोबरं, त्यात शेंगदाण्याची ढेप, खाली शिसं, असं दीडशे ग्रॅमचं गाठोडं बांधतात आणि क्रिकेटचा थ्रो मारावा तसा फेकतात. ग्राफाइट हवेतच फुटतो. बंदुकीसारखा आवाज येतो, काठावरचे बगळे उडतात आणि मालक दुकानदाराला शिव्या देतो. दुकानदाराचा दोष असलाच तर एवढाच की त्याने ते छापलेलं वाक्य वाचून दाखवलं नाही. फायबरग्लास अशी आगळीक पुष्कळ सोसून घेतो. सोसावी असं मी म्हणत नाही, पण आपण कसे वागतो हे ठाऊक असताना न सोसणारं हत्यार घ्यावं का?

रॉड फेकताना जेवढे मोडतात त्याहून जास्त रस्त्यावर मोडतात, हे कळायला मला स्वतःच्या ग्राफाइटचा बळी द्यावा लागला. पहिला ग्राफाइट रॉड मी हौसेने आणला, दोन भागांचा, मखमली पिशवीतला. अकोल्याहून वारी भैरवगडला जाताना एसटीत वरच्या फळीवर ठेवला. तेल्हाऱ्याच्या अलीकडे कुणीतरी त्यावर तुरीचं अर्धं पोतं टेकवलं. त्या माणसाची काहीच चूक नव्हती. फळी पोत्यांसाठीच असते. वानच्या पाण्यावर पिशवी उघडली तर आतून फुटलेल्या बांगडीसारखा किणकिण आवाज. ज्या मुलुखात मासेमार एसटीने, मोटारसायकलने, बैलगाडीच्या चाकोरीतून, बाभूळ-बोराट्यांतून पाण्यावर जातो, जिथे धरणाच्या भिंतीला दगडांचं पिचिंग असतं आणि रॉड ठेवायला दुसरी जागाच नसते, तिथे ‘जरा जपून वापरावा लागतो’ हे वाक्य गुणवर्णनात येत नाही.

त्यात पिचिंगवरची एक खास चूक. मासा पायाशी आला की आपण उंचावर उभे आणि तो खाली. हात वर जातो, रॉड उभा होतो, सगळं वजन टोकाच्या फूटभरावर येतं. ग्राफाइटची निम्म्याहून अधिक टोकं अशीच जातात. रॉड आडवा धरून मागे सरकावं आणि जाळीने मासा उचलावा हे पुस्तकी उत्तर बरोबर आहे. पण समोर चार किलोचा कतला असताना पुस्तक कुणाला आठवतं?

विजेचं कुणी बोलत नाही, ते मी बोलतो. कार्बनमधून वीज वाहते. वऱ्हाडात कुठल्याही नदीकाठी, शेततळ्याकाठी पंपाच्या तारा लोंबत असतात, कित्येकदा हात उंचावला तर लागतील अशा. बारा फुटी कार्बनचा दांडा खांद्यावर उभा धरून त्यांच्याखालून जाणं म्हणजे काय, हे सांगायला नको. परदेशात अशा अपघातांत माणसं गेलेली आहेत, म्हणून कंपन्या रॉडवर तारांचा इशारा छापतात. काच वीज वाहून नेत नाही. ओला, चिखलाने माखलेला फायबरग्लासही तारेला लावू नये हे खरंच, आणि मृगाच्या तोंडावर ढग गडगडू लागले की कोणताच रॉड हातात नसावा. पण दोन्हींत डावं-उजवं करायचं तर काच उजवी.

एवढं ऐकून दुसऱ्या टोकाचे लोक खूश होतात. त्यांचं दुकान वेगळं. ते म्हणतात, काच काय आणि कार्बन काय, दोन्ही परका माल. मेळघाट उशाला असताना बांबू सोडून हे सोंग कशाला? आपल्या पूर्णेकाठच्या भोयांनी, ढिवरांनी पिढ्यान्‌पिढ्या बांबूच्या काठीने मासे धरले, त्यांना कुठे रील होतं?

या पक्षावर हात उगारताना माझा हात थोडा जड होतो, कारण मीही त्याच काठीने शिकलो. आणि त्यांच्या बाजूने त्यांनाही ठाऊक नसलेला एक पुरावा आहे, तो आधी त्यांना देऊन टाकतो. मेळघाटात जो बांबू सर्वत्र दिसतो, ज्याला आपण मानवेल म्हणतो, तो बहुतेक भरीव असतो. ह्याच जातीचा बांबू एकोणिसाव्या शतकात कलकत्ता बंदरातून ‘कलकत्ता केन’ या नावाने परदेशी जाई. अमेरिकेत १८४०च्या दशकात सॅम्युअल फिलिप नावाच्या पेनसिल्व्हेनियातल्या बंदूक-कारागिराने बांबूच्या पट्ट्या चिरून, पुन्हा चिकटवून रॉड बांधायला घेतले. त्या पहिल्या पिढीच्या रॉडांना हाच बांबू लागे. पुढे चीनचा टोंकिन बांबू आला. त्याची पेरं लांब, गाठी कमी, म्हणून आपला मागे पडला. १९५०मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, टोंकिनही दुर्मीळ झाला आणि मग फायबरग्लासला मोकळं रान मिळालं. जगातल्या श्रीमंत गळवाल्यांनी एके काळी मानवेल डोक्यावर घेतला होता, हे वडाळीच्या बांबू उद्यानात फिरताना एखाद्या पाटीवर वाचायला मिळालं तर मला आवडेल.

आणखी मागे जायचं तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर. त्याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच आहे: माशांचे प्रकार, त्यांचं खाद्य, गळाने मासा धरण्याची रीत. म्हणजे गळ हा साहेबांनी आणलेला छंद, हा समजही फोल.

पण अभिमान वेगळा आणि हत्यार वेगळं. तीन-चार मीटरची बांबूची काठी, टोकाला तेवढाच धागा, काठापासून दोन काठ्या अंतरावर तिलापिया आणि छोट्या रोहूसाठी अजूनही तिला तोड नाही. ती फुकट मिळते, मोडली तर दुसरी तोडता येते. मात्र तिच्यावर कड्या बांधून रील चढवलं की बिघाड सुरू होतो. कडीच्या आवळणीखाली काठी चिरते, पावसात फुगते, उन्हात आकसते, भुंगा आतून पोखरतो, आणि पन्नास मीटरवरचा कतला धरला की पेराच्या गाठीशी कडाड. चिरून-चिकटवून नीट बांधलेला बांबूचा रॉड ही वेगळी, थोर गोष्ट. पण तो सुताराच्या हातून महिनाभराने निघतो आणि किमतीत ग्राफाइटलाही लाजवतो. लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रात सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी कोरकू कारागिरांसह बांबूचं जे काम उभं केलं, ते पाहिल्यावर मनात आलं की इथे कुणी असा रॉड बांधला तर पहिला गिऱ्हाईक मी. तोवर ‘बांबू वापरा’ हा उपदेश भाषणापुरता.

बांबूवाल्यांना मी हरवतो आहे असं त्यांनी समजू नये. त्यांची खरी इस्टेट मी फायबरग्लासच्या नावे करतो आहे. बांबूच्या काठीचा गुण कोणता होता? ती मुठीपासून टोकापर्यंत सगळी वाकायची. मासा धागा ओढत नव्हता, काठी ओढत होता, आणि काठी दमत नसे. पूर्णेवर लाखपुरीजवळ एका म्हाताऱ्या भोईबाबांनी माझा ग्राफाइट हातात घेऊन दोन वेळा हलवला होता आणि म्हटलं होतं, ‘भाऊ, हे काडी त वाकतच नाई. मंग मासा थकन कसा?’ मी त्यांना टन, तंतू, संवेदना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, ‘थे बरोबर हाये. पन मासा थकन कसा?’ नंतर मी त्यांना फायबरग्लासचा रॉड दिला. तो त्यांनी पाण्यावर न जाताच, टोक झाडाच्या बुंध्याला लावून वाकवून पाहिला आणि मान डोलावली. काच ही बांबूची वारस आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मग फायबरग्लासची बदनामी का? कारण वऱ्हाडात बहुतेकांनी खरा फायबरग्लास पाहिलेलाच नाही. पाहिला तो दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा, सोनेरी वेलबुट्टीचा, तीन-चारशे रुपयांचा टेलिस्कोपिक. त्याच्या जोडांत वाळू गेली की तो उघडत नाही किंवा मिटत नाही, कड्या फिरतात, टोकाचं बूच निघतं. गंमत म्हणजे त्यांतल्या कित्येकांवर ‘कार्बन’ असंच छापलेलं असतं. ते खेळणं आणि दोन भागांचा, सलग दांड्याचा, नीट कड्या बांधलेला फायबरग्लास, यांत छकडा आणि बैलगाडी एवढा फरक. खेळण्यावरून जातीची परीक्षा करणारे ग्राफाइटवाले, उद्या गल्लीतल्या शिळ्या आलूबोंड्यावरून सगळ्या वऱ्हाडाच्या स्वयंपाकाची परीक्षा करतील.

मधला मार्गही जुनाच आहे. काच आणि कार्बन एकत्र गुंडाळलेले रॉड १९७६पासून मिळतात. शेक्सपिअर कंपनीचा ‘अग्ली स्टिक’ त्यातला गाजलेला. आत कार्बन, बाहेर काच, टोक भरीव काचेचं. नाव ‘कुरूप काठी’, आणि दिसायलाही काही राजबिंडा नाही. पण तो एसटीच्या फळीवरून, पिचिंगवरून आणि माझ्या धाकट्या भाच्याच्या हातून सुखरूप परत आलेला आहे. ज्याला एकच रॉड घ्यायचा आहे, ज्याला सकाळी मरळ आणि दुपारी कतला दोन्ही हवेत, त्याने सात फुटी, मध्यम-जड ताकदीचा असा मिश्र रॉड घ्यावा. फक्त कतल्याचा नाद असेल तर आठ-नऊ फुटी निव्वळ फायबरग्लास. पहिले दोन रॉड मोडायचे थांबले, आणि मरळीचा नाद जलपर्णीपर्यंत गेला, की मग खुशाल ग्राफाइट. त्या क्रमाने गेलात तर तो मोडणार नाही आणि मोडला तरी का मोडला हे तुम्हाला कळेल.

जाता जाता रॉडपलीकडची दोन भांडणं. पावसाळ्यात मरळीच्या पिलांचा लालसर गोळा पाण्यावर उकळल्यासारखा फिरताना दिसतो. खाली आई-बाप राखण करत असतात आणि त्या गोळ्यावरून जे जाईल त्यावर तुटून पडतात. तिथे बेडूक टाकून जोडीतली एक मरळ काढणारा माणूस ग्राफाइटने काढो की काचेने, मी त्याला गळवाला म्हणत नाही. तिलापियाची झुंड टपलेलीच असते, तासाभरात गोळा संपतो. आणि काटेपूर्णा अभयारण्यात किंवा मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात गळ नेऊ नये, धरणावर ज्या मच्छीमार संस्थेचा ठेका असेल तिला विचारल्याशिवाय बसू नये. त्यांच्या पोटाचं पाणी आहे ते, आपला रविवार आहे.

तो सिंभोऱ्याचा मुलगा पुढे दोनदा भेटला. तुटलेल्या टोकावर त्याने नवी कडी चिकटवून घेतली आहे. रॉड वीतभर आखूड आणि आणखी ताठ झाला आहे, आणि जलपर्णीतल्या मरळीला तो आता खरोखर छान चालतो. कतल्यासाठी मात्र त्याने अजून काही घेतलेलं नाही. त्याला आणि त्याच्या वयाच्या सगळ्यांना एक विनंती. दुकानात गेलात की दांड्यावरचे टन नंतर वाचा. पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली बरोबर न्या, कड्यांतून ओवलेल्या धाग्याला ती बांधा, रॉड आडवा धरा आणि हळूहळू उचला. वाक टोकाशी थांबतो की मुठीकडे येतो, ते डोळ्यांनी बघा. दुकानदार बाटली बांधू देणार नाही म्हणाला, तर शेजारच्या दुकानात जा.